भालूपहाडीवरचे एकोणीस गोटे

बकाराम पाणकराला माणसं मोजायची खोड होती. तलावाचं पाणी मोजता मोजता लागलेली. कोण किती बोलतो, किती खातो, चढावर कितव्यांदा बसतो, सगळं त्याच्या डोक्यात जमा असायचं. आणि या मोजणीत स्वतः बकाराम सोडून हिवरटोल्यातला प्रत्येक जण थोडा थोडा कमीच भरायचा.

हिवरटोल्याच्या तलावाचं पाणी सोडायचं आणि वाटायचं काम त्याच्या घराण्याकडे होतं. त्याच्या आधी बाप, बापाच्या आधी आजा. दोन वर्षांपूर्वी मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला असा कागद आला. पण कागदाला काही पाणी वाटता येत नाही, म्हणून पाणकर होता तोच राहिला.

वाटणीची रीत आज्याने घालून दिली होती. दसरा उलटला, पाऊस गेला, उशिरा पिकणारा जड धान पोटरीत आला की एका दुपारी पाणकराने भालूपहाडी चढायची. सोबत तीन साक्षीदार. वर एक सपाट शिळा आहे. तिथून तलाव, वरला पाट, खालचा पाट आणि दोन्ही पाटांवरच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली वावरं, तळहातावर ठेवल्यासारख्या दिसतात. जी बांधी तहानेने फिकी पडली असेल तिच्या नावाचा गोटा शिळेवर मांडायचा. एक गोटा म्हणजे एका दिवसाचं पाणी, आणि तलावात जितक्या दिवसांचं पाणी तितकेच गोटे. मांडून झाले की पाणकराने विचारायचं, झालं? तिघांनी म्हणायचं, झालं. मग त्याच संध्याकाळी तुडूम उघडायचं. तुडूम म्हणजे पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातली पाणी सोडायची मोरी. आज्याच्या तरुणपणी या तुडुमावर कुऱ्हाडी निघाल्या होत्या, दोन डोकी फुटली होती. खाली प्रत्येक बांधीला मालकाचं तोंड असतं, वरून नुसता रंग दिसतो, असं आजा म्हणायचा.

अडचण एवढीच होती की बकारामला आता रंग दिसत नव्हता.

दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांपुढे ताकाच्या निवळीसारखं काहीतरी आलं होतं. हाताच्या अंतरावरचं दिसायचं, त्यापलीकडे सगळं पांढुरकं. पण बकाराम हार जाणारा नव्हता. पहाडी चढायच्या आधीचे चार दिवस तो अनवाणी धुऱ्याधुऱ्याने, बांध्यांमधल्या वरंब्यांवरून, हिंडायचा आणि प्रत्येक बांधीत पायाचा अंगठा रोवून बघायचा. किती चिखल, किती भेग, अंगठा बरोबर सांगायचा. ते सगळं पाठ करून तो वर जायचा, शिळेवर उभा राहून हात लांब करायचा आणि बघितल्यासारखं एकेक नाव घ्यायचा. दोन वर्षं गोटे बिनचूक पडले होते. आपण सगळ्या गावाला फसवलं याची लाज त्याला वाटायची. आणि खरं सांगायचं तर, लाजेपेक्षा थोडा जास्त अभिमान वाटायचा. आंधळ्या पाणकराला कोण ठेवणार होतं? पंचांनी दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस नेमला असता.

त्रेपन्न साली पाऊस भादव्यातच निघून गेला. तलावाच्या आतल्या पायऱ्या मोजून बकारामने सांगितलं, एकोणीस दिवसांचं पाणी आहे. ज्याला गोटा मिळेल त्याच्या घरी धान येईल, न मिळेल त्याच्या घरी दाण्याविना नुसतं तणस येईल. इतकं ते सरळ होतं.

दुपारची जेवणं करून चौघे निघाले. पुढे कवडू. हा खालच्या पाटावरचा शेतकरी, आणि याचं तोंड पहाटे उघडलं की रात्री झोपेनेच मिटायचं. वाटेतला दगडसुद्धा तो बोलल्याशिवाय ओलांडत नसे. इथं मोहाचं मूळ आलं, कसं आडवं पडलं पाहा, आता हा चिकना दगड, याच्यावर मागच्या साली माझी चप्पल तुटली. बकारामच्या मते कवडूचं निम्मं बोलणं पाखरं उडवायला ठेवलं असतं तर गावाचा राखणदाराचा खर्च वाचला असता.

त्याच्या मागे बकाराम, हातात काठी. त्याच्या मागे शालीकराम. अंगाने काडी, पण दर वळणावर बसायचा. कधी पायात काटा, कधी विडी पेटवायची, कधी नुसतंच, बसा गा जरा. मागच्या वर्षी तो सात वेळा बसला होता. यंदा अर्ध्या चढातच पाच झाले होते. बकारामला बसणं बरं वाटायचं, कारण उतरत्या उन्हात चढ चढताना वाट डोळ्यांपुढे अगदीच विरघळायची. पण म्हणून शालीकरामच्या नावावरचे पाच त्याने कमी केले नाहीत.

सगळ्यात मागे नत्थूलाल पोवार. वरल्या पाटावरचा मोठा कास्तकार. आपले पूर्वज माळव्यातून आले ही गोष्ट तो दर साली याच चढावर सांगायचा, आणि दर साली पूर्वजांच्या घोड्यांची संख्या वाढायची. यंदा चाळीसवर गेली. नत्थूलाल पाण्याच्या बाबतीत कसा होता? आपल्या पाण्याच्या दिवशी बांधीच्या तोंडाशी खाट टाकून झोपायचा, आणि शेजाऱ्याकडे ओंजळभर पाणी जास्त वळलं तर झोपेत ओळखायचा. बकारामने त्याला मनात सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं होतं. मित्र खरा, लहानपणापासूनचा, पण पाण्याचा लोभी.

सहाव्या बैठकीला सीताफळांची झाडं आली. उन्हाने डोळे उघडलेली दोन-चार फळं शालीकरामने काढली. रुख्माने, म्हणजे बकारामच्या बायकोने, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि ठेचा फडक्यात बांधून दिला होता, तो सोडला. नत्थूलालने पहिला वडा उचलला, दुसरा उचलला, आणि तिसरा उचलताना म्हणाला की वैनीच्या हाताला चव आहे, पण वडे मोजून देण्याची सवय तिला नवऱ्यापासून लागली. बकाराम म्हणाला की चाळीस घोड्यांना पुरतील इतके वडे कोणीच देत नाही. कवडू इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि त्यामुळे अख्खा एक मिनिट पहाडीवर शांतता पसरली. वारा होता. खालून कुठून तरी बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. बकारामला वाटलं, दिसत नसलं तरी ही दुपार चांगली आहे.

शिळेवर पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वाटेतच निवडून ओच्यात घेतलेले एकोणीस गोटे बकारामने खाली ओतले, काठी बाजूला ठेवली आणि तो कडेला उभा राहिला. समोर त्याच्यासाठी नुसती पांढरी चादर होती. उजवीकडे चमकतो तो तलाव, एवढं कळायचं. बाकी सगळं अंगठ्याने पाठ केलेलं.

त्याने हात लांब केला. वरल्या पाटावरून सुरुवात केली. टेकचंदची बांधी, भेगा पडायला लागल्या, एक गोटा. बिसरामची, एक. नत्थूलालच्या दोन मोठ्या बांध्या, दोन गोटे. कवडू नेहमीप्रमाणे मध्ये मध्ये बडबडत होता, ती पाहा बिसरामची शेंड्याकडून कशी पिवळी पडली, ती पाहा अमकी, ती पाहा तमकी. बकारामला हा दर सालचा त्रास होता. पाठ केलेलं विसरायला होतं. वरल्या पाटाचे आठ झाले. मग खालचा पाट, एकेक करत, शेवटपर्यंत. अकरा. एकोणीस पुरे झाले.

"अन् शेवटल्या टोकावरचे सगळे हलक्या धानाचे," तो म्हणाला. "पिकले. कापनीले आले. अनुसयाबाईचाबी पिकला, दिसूनच राहिला. त्यायले पानी नाई लागत. झालं?"

कुणी झालं म्हटलं नाही.

बकाराम थांबला. वारा वाहत होता. शालीकरामच्या विडीचा वास येत होता, म्हणजे तो तिथेच होता. आणि मग बकारामच्या लक्षात आलं की कवडू गप्प आहे. सीताफळाच्या झाडाखाली ठसक्याने गप्प झाला होता तसा नव्हे. श्वास धरल्यासारखा गप्प.

"झालं का गा?" त्याने पुन्हा विचारलं.

तेवढ्यात खडखड आवाज झाला. नत्थूलालने पाय लांब केला होता, आणि त्याच्या जाड चपलेने शिळेवरचे सगळे गोटे उतारावर लोटले होते. एक एक करत ते खालच्या झुडपात गेले. दोन-तीन तर बरेच लांब टप्पे खात गेले.

"पाय लागला," नत्थूलाल म्हणाला.

पन्नास वर्षांत नत्थूलालचा पाय कधी कशाला लागला नव्हता. धुऱ्यावरून चालतानासुद्धा तो दुसऱ्याच्या बाजूची माती आपल्या चपलेला येऊ देत नसे. बकारामला राग आला. वरल्या पाटाला आठच, म्हणून. याच्या दोनच बांध्यांना गोटे, म्हणून. आज्यापासून चालत आलेल्या रीतीवर याने चप्पल फिरवली.

"तुले कमी गोटे आले म्हनून लाथ मारली काय रे?" तो म्हणाला. "लहानपनापासून लोभीच आहेस तू."

नत्थूलालने चपलेतला खडा झटकला. मग म्हणाला, "हो. म्हनूनच मारली. मांड पुन्हा."

इतक्या सहज तो हो म्हणाला, की तिथेच बकारामला काहीतरी खटकलं. नत्थूलाल पंचांसमोर पकडला गेला तरी हो म्हणणारा माणूस नव्हता. मागे एकदा शेजाऱ्याचा धुरा कोरताना हातात फावडं होतं, तरी तो म्हणाला होता की मी फावडं वाळवायला आणलं.

विडी विझवल्याचा आवाज आला. शालीकराम घसा खाकरून म्हणाला, "अनुसयाबाईच्या ढोलीतलं बियानं औंदा भिजलं होतं. हलक्या धानाचं. सडलं सगळं. मी दिलं तिले बियानं."

"तू कोनतं दिलं?"

"माह्याकडे जडच आहे. दुसरं कोनतं देनार?"

बकाराम खाली बसला. पंधरा वर्षं अनुसयाबाई एकटी शेती करत होती, आणि पंधरा वर्षं ती हलका धान लावायची, कारण पाटाच्या शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचेल याचा तिला भरवसा नव्हता. दसरा उलटला की कापून मोकळी. तिच्या बांधीचा धुरा काट्यांनी भरलेला, म्हणून या वेळी तिकडे तो गेलाच नव्हता. जायची गरजच काय, ते पाठ होतं. आता आजूबाजूच्या पिकल्या पिवळ्या बांध्यांमध्ये तिची एकच बांधी हिरवी उभी असेल. पोपटाच्या पिसासारखी, तहानलेली. आणि आपण इथे हात लांब करून म्हणालो, पिकला, दिसूनच राहिला.

डोळस माणसाला हे चुकणं शक्य नव्हतं. आणि तिघे डोळस होते. आणि तिघांपैकी एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

हे शेवटचं त्याला सगळ्यात उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा त्याच्या डोक्यातली सगळी मोजणी उलटी फिरायला लागली. बिसरामची शेंड्याकडून पिवळी पडली, हे कवडू कुणाला सांगत होता? शालीकरामला दिसत होतं, नत्थूलालला दिसत होतं. मागच्या साली टेकचंदचं नाव आपल्या तोंडून राहिलं होतं, तेव्हा हाच कवडू टेकचंदच्या बांधीतल्या बगळ्यांबद्दल इतका वेळ बोलत बसला की आपल्याला ते नाव आठवलं. वाटेतलं मूळ, वाटेतला चिकना दगड, चप्पल तुटली. आणि शालीकराम नेमका तिथेच का बसायचा, जिथे ऊन थेट डोळ्यांवर यायचं? काडीसारखा माणूस, धानाचं पोतं खांद्यावर घेऊन मैलभर चालतो, त्याला भालूपहाडी सात बैठकांत चढावी लागते?

आणि नत्थूलाल. अनुसयाबाईची बांधी राहू द्यावी, तर तिचं साल बुडतं. चूक दाखवावी, तर पाणकराचं नाव बुडतं. म्हणून त्याने पाय लांब केला आणि लोभी हे नाव स्वतःकडे ओढून घेतलं. नाहीतरी ते नाव त्याला आधीपासून होतंच, एक चपलेची लाथ आणखी.

बकारामने समोरच्या पांढऱ्याकडे पाठ फिरवली. मग हळू म्हणाला, "मले काही दिसत नाई, गा. तुमी सांगा. मी मांडतो."

"दोन साल झाले, सांगूनच राहिलो," नत्थूलाल म्हणाला. "आज इचारलंस."

कवडूचा बांध फुटला. तो असा बोलायला लागला की जणू एवढा वेळ त्याचा कोणी गळा धरला होता. शालीकरामने झुडपांत शिरून गोटे वेचले. सोळा सापडले, तीन नवे घेतले. बकारामने विचारायचं, कवडूने रंग सांगायचा, बकारामने अंगठ्याने पाहिलेलं त्याला जोडायचं, असं एकेक नाव पुढे सरकलं. दोन ठिकाणी तर कवडूच्या डोळ्यांपेक्षा बकारामचा अंगठा खरा निघाला. वरून हिरवी दिसणारी वच्छलेची बांधी खाली दोन दिवसांत फाटणार होती, आणि ते त्याने ठासून सांगितलं.

शेवटी अनुसयाबाई राहिली आणि हातातले गोटे संपले. एकोणीस म्हणजे एकोणीस. बकाराम शिळेवर हात फिरवून एकेक गोटा चाचपत बसला. कुणाचा उचलायचा?

"माह्या दोनमधला एक काढ," नत्थूलाल म्हणाला.

"तुही एक बांधी जाईल."

"पाय माहा लागला ना. दंड मीच भरतो." मग आपण फार मोठेपणा केला असं कुणाला वाटू नये म्हणून, तो म्हणाला, "अन् उरलेली सीताफळं माही."

बकारामने चाचपत नत्थूलालचा एक गोटा उचलला आणि खालच्या पाटाच्या रांगेत सगळ्यात पुढे ठेवला. शेवटच्या टोकाला पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून ते आधी. मग विचारलं, झालं? तिघे एकदम म्हणाले, झालं. आज्याच्या काळापासून इतक्या मोकळेपणाने तो शब्द त्या शिळेवर कुणी उच्चारला नसेल.

उतरताना कवडू पुढे होता. मूळ, दगड, खड्डा, पुन्हा मूळ. बकारामने पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं आणि बिनधास्त पाय टाकले. अर्ध्या वाटेवर त्याने विचारलं की हे तुम्हाला कधी कळलं. तिघेही आधी आढेवेढे घेत राहिले. मग शालीकराम म्हणाला की मागची नाही, त्याच्या आधीची महाशिवरात्र. त्याच्या बैलगाडीतून बायामाणसं नागऱ्याच्या महादेवाला गेली होती, तेव्हा वाटेत वैनीनेच सांगितलं. आणि बजावलं की तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका, नाहीतर तो जेवण सोडेल.

म्हणजे चार दिवस आपण लपून धुरे तुडवत होतो, तेव्हा दारात पाय धुवायला भरलेली बादली आपोआप येत नव्हती. तेवीस वर्षांच्या संसारात रुख्माला एकही गोष्ट पोटात ठेवता येत नाही, असं बकाराम सगळ्यांना सांगायचा. तेही त्याला आता मागे घ्यावं लागणार होतं.

"होळी झाली का नागपूरले जायचं," नत्थूलाल मागून म्हणाला. "डोळ्यातला मोतीबिंदू काढतात तिथं. मी इचारून ठेवलं. गाडी माही, टेसनापर्यंत."

"कवा इचारलं?"

"तुले काय करायचं कवा. चाळीस घोडे आहेत माह्याकडे, जातो मी कुठंबी."

 बकारामला आभार मानता येत नसत. त्याच्या घराण्यात कुणालाच येत नसत. तो फक्त चालता चालता थांबला, मागे हात केला आणि नत्थूलालच्या खांद्यावर ठेवला. नत्थूलालने म्हटलं की वाट अरुंद आहे, दोघं पडू. पण खांदा काढून घेतला नाही.

पाळीवर आले तेव्हा सूर्य टेकला होता. शालीकराम अनुसयाबाईला निरोप द्यायला परस्पर पुढे गेला. बकारामने धोतर वर खोचलं आणि तुडुमाच्या दगडी पायऱ्यांनी तो पाण्यात उतरला. इथे डोळ्यांचं काहीच काम नव्हतं. एक पायरी, दुसरी, कमरेइतकं पाणी. तो वाकला. खालच्या भोकातला लाकडी दट्टा त्याच्या आज्यानेही हातानेच काढला होता, बापानेही. बोटांना शेवाळ लागलं, मग लाकूड, मग लाकडाभोवती गुंडाळलेलं गवत. त्याने दोन्ही हातांनी दट्टा पिळला आणि ओढला.

पाणी आतून घुमलं. पाळीच्या पलीकडे पाटात पडल्याचा आवाज आला. बकाराम तसाच कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ऐकायला लागला. वरून कवडू सुरू झाला होता. पाणी निघालं, पाटाच्या पहिल्या वळणावर गेलं, आता दुसऱ्या, फेस आला, पाटात चार बोटं असेल.

"कवडू," बकाराम खालून म्हणाला, "आता जरा चूप राहा, गा. हे मले समजते. सहा बोटं आहे."

कवडू गप्प झाला. नत्थूलालने काठीने मोजलं. सहा होतं.